नवीन लायसन, पहिली गाडी अन् परवडणारा इन्शुरन्स: कोटची एकेक ओळ कशी वाचायची

परवा रात्री धाकट्या चुलत भावाचा अहमदपूरहून फोन आला. दादा, गाडी घ्यायलोय, लायसन हातात आलंय, पण इन्शुरन्सवाला चौदा हजार म्हणायलाय, तू नवीन ड्रायव्हर आहेस, वय कमी आहे, म्हणून जास्तच लागतंय म्हणे. मी म्हणलं एक रुपया देऊ नकोस, आधी त्या कोटचा, म्हणजे दर लिहिलेल्या कागदाचा, फोटो टाक. फोटो आला तर त्यात वयाची ओळच नाही. जास्तीचे पैसे दुसऱ्याच दोन ओळींत बसले होते, आणि त्या ओळी वाचायच्या कशा हे कुणी सांगत नसल्यामुळं आपली पोरं-पोरी दरवर्षी असे पैसे देऊन मोकळी होतात, म्हणून जरा सविस्तर लिहायलोय.

हे वयाचं खूळ येतं कुठून तर बाहेरच्या देशातल्या व्हिडिओंमधून. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये इन्शुरन्सचा दर गाडी चालवणाऱ्यावर फार अवलंबून असतो, वीस वर्षांच्या पोराला चाळिशीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त भरावे लागतात, तिथं चांगले मार्क असले तर सूट वगैरे असते. आपल्याकडं पॉलिसी मुळात गाडीला चिकटलेली असते. मालकाच्या परवानगीनं जो कुणी ती गाडी चालवायलाय आणि ज्याच्याकडं चालू लायसन आहे त्याला ती लागू होते, ड्रायव्हर म्हणून वेगळं नाव चढवायची गरज नसते. एखादी कंपनी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दर ठरवताना मालकाचं वय बघत असेलही, पण थर्ड पार्टीच्या दरात वयाला जागाच नाही. तेव्हा कुणी म्हणलं तुझं वय कमी म्हणून महाग, तर शांतपणे विचारा, कोणत्या ओळीत लावलंय तेवढं दाखवा.

गाडी घ्यायच्या आधीच निम्मा इन्शुरन्स ठरतो

इन्शुरन्सच्या कोटमध्ये दोन मोठे भाग असतात. एक थर्ड पार्टी, टीपी म्हणतात त्याला, म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याला लागलं तर त्याची भरपाई. दुसरा ओन डॅमेज, ओडी, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, आग, पूर. टीपी कायद्यानं सक्तीचा आहे, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात तसं कलमच आहे, आणि त्याचा दर केंद्र सरकार ठरवतं, म्हणून तो सगळ्या कंपन्यांत सारखाच. त्यात घासाघीस होतच नाही. जून २०२२ पासून लागू झालेले दर असे आहेत: १००० सीसीपर्यंतच्या खाजगी कारला वर्षाला २०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३४१६ आणि १५०० सीसीच्या वर ७८९७. ह्याच्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. पैसे भरायच्या दिवशी चालू दर तेवढा एकदा बघून घ्यायचा.

आता हे आकडे आपल्या गाड्यांना लावून बघा. एक लिटर इंजिनची वॅगनआर किंवा अल्टो के१० घेतली, ९९८ सीसी, तर २०९४ मध्ये भागतं. स्विफ्ट घेतली, ११९७ सीसी, की ३४१६. बोलेरो सुद्धा १४९३ सीसी म्हणून ३४१६ मध्येच बसते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि आपल्याकडं पोराला लायसन मिळालं की घरात पहिलं नाव निघतं स्कॉर्पिओचं, तर तिचा नुसता टीपीच जीएसटीसकट नऊ हजाराच्या पुढं जातो, ओडी अजून वेगळाच. मी स्कॉर्पिओला नावं ठेवत नाही, आमच्या मामाकडं आहे, ऊन-पाऊस-चिखल सगळं झेलते. पण पहिल्या दोन वर्षांत हात बसायचा असतो, गाडीला चार ठिकाणी घासणारच, अशा वेळी छोट्या इंजिनची, पार्ट स्वस्त मिळणारी, तालुक्याच्या गॅरेजला उघडता येणारी गाडी घेतली तर इन्शुरन्स आणि दुरुस्ती दोन्हीकडून पैसे वाचतात. इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर टीपीत १५ टक्के सवलत आहे, ते पण लक्षात असू द्या.

नवीकोरी गाडी घेणाऱ्यांनी एक गोष्ट धरून चालायची. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला तीन वर्षांचा टीपी एकदम घ्यावा लागतो. १००० सीसीपर्यंत ६५२१, १५०० पर्यंत १०,६४०, त्याच्यावर २४,५९६. शोरूमचा कागद बघून पोटात गोळा येतो तो ह्याच्यामुळं, पण त्यात पुढच्या दोन वर्षांचे पैसे आधीच भरलेले असतात. ओडी मात्र एकाच वर्षाचा घेता येतो. आणि शोरूमवाला इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागतो म्हणत असेल तर तशी कसलीच सक्ती नाही. बाहेरून कोट आणा, त्याच्यासमोर ठेवा, मग बघा तो किती उतरतो ते.

गाडी कुठल्या आरटीओत पासिंग होणार ह्याचा पण हिशोब असतो. जुन्या टॅरिफमध्ये खाजगी गाड्यांसाठी दोन झोन होते आणि तीच विभागणी अजून चालत आलेली आहे. ए मध्ये मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद अशी आठ शहरं, आणि बाकी सगळा देश बी मध्ये. म्हणजे आपल्या मराठवाड्याचं एमएच-२०, २४, २६, सगळं बी मध्ये. फरक लई मोठा नसतो पण असतो. पुण्याला नोकरीला असलेल्या पोरांचं आधार गावाकडचं असेल, गाडी घरच्यांसाठी गावाकडंच राहणार असेल, तर पासिंग गावाकडच्या आरटीओत करा, राज्याच्या आत कुठंही चालवता येते. खोटा पत्ता लावून असलं काही करू नका मात्र, क्लेमच्या वेळी कागद कागदाला जुळावा लागतो.

लायसनचं आधी बघा

ही गोष्ट मी मुद्दाम वेगळी काढून सांगायलोय कारण ह्याच्यात घरं बसतात. आपल्याकडं कितीतरी पोरांकडं फक्त मोटारसायकलचं लायसन असतं आणि त्याच्यावरच कार चालू असते. लायसनवर एलएमव्ही, म्हणजे हलकं मोटार वाहन, लिहिलेलं नसेल तर कारसाठी ते लायसन नाहीच, मग कितीही भारी पॉलिसी असू द्या, ओडीचा क्लेम कंपनी उडवून लावते, आणि समोरच्याला द्यावी लागलेली भरपाई मालकाकडून वसूल करायची वाट तिला मोकळी होते. लर्निंग लायसनवर चालवता येतं, पण शेजारी पक्कं लायसनवालं माणूस बसलेलं पाहिजे आणि गाडीला पुढं-मागं लाल एल लावलेला पाहिजे. एकट्यानं लर्निंगवर निघालात आणि काही झालं तर पॉलिसी कामाची नाही. अठराच्या आतल्या पोराच्या हातात चावी देणाऱ्या काका-मामांनी तर ऐकाच, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीचं रजिस्ट्रेशन पण वर्षभरासाठी रद्द होतं.

आणि अजिबात इन्शुरन्स नाही असं चालवू नका. पहिल्यांदा सापडलात तर दोन हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, परत सापडलात तर दंड चार हजार. पण दंडाचं सोडा. आपले रस्ते आठवा, ऊस चालू असताना रात्रीच्या वेळी बिनलाईटच्या ट्रॉल्या, फाट्यावर अचानक आडवी येणारी मोटारसायकल. एखाद्याचा जीव गेला तर मोटार अपघात न्यायाधिकरण जेवढी भरपाई ठरवेल तेवढी टीपी पॉलिसी भरते, त्याला वरची मर्यादा नाही, मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत. पॉलिसी नसेल तर तीच रक्कम मालकाकडून वसूल होते, म्हणजे शेवटी घरावर आणि शेतावर येतं. दोन हजार रुपयांसाठी शेत टांगणीला लावायचं नाही.

आता त्या चौदा हजाराच्या कागदाकडं

भावाची गाडी चार वर्षं जुनी वॅगनआर, ९९८ सीसी. कागदावर ओडी ५४०० रुपये, ॲड-ऑन म्हणजे वरून जोडलेली जादा कव्हरं ४१००, टीपी २०९४, मालक-चालक अपघात विमा ३३०, बेरीज ११,९२४ आणि त्याच्यावर जीएसटी २१४६. झाले चौदा हजार सत्तर. आता ह्यात हात कुठं घालता येतो? टीपीत नाही. जीएसटीत नाही. अपघात विम्यात घालायचाच नाही, त्याचं पुढं सांगतो. राहिल्या ओडी आणि ॲड-ऑन, खेळ सगळा ह्या दोन ओळींचा.

ओडीचा दर २००७ पासून मोकळा झालाय, प्रत्येक कंपनी आपापला लावते, म्हणून त्याच गाडीला एक कंपनी ५४०० सांगते आणि दुसरी ३३००. आणि ही घट तुम्हाला कुणी आपणहून देत नाही, विचारावं लागतं. पद्धत अशी की किमान तीन-चार ठिकाणचे कोट घ्यायचे, एक तुलना करणाऱ्या वेबसाइटवरून, एक कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, एक गावातल्या एजंटकडून, आणि एखादा सरकारी कंपनीच्या ऑफिसातून, न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया ह्या चार सरकारी कंपन्या आहेत. पण कोट घेताना तिन्ही-चारही ठिकाणी आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, सारखी ठेवायची आणि ॲड-ऑन पण तेच ठेवायचे, नाहीतर आंब्याची तुलना चिंचेशी होते आणि जो कागद स्वस्त दिसतो तो खरं म्हणजे कमी देणारा असतो.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार चेंदामेंदा झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल तो आकडा. तो गाडीच्या वयाप्रमाणं उतरत जातो, सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४०, आणि पाचव्या वर्षापर्यंत ५० टक्के. पाच वर्षांच्या पुढं कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायचा. ऑनलाइन कोट काढताना तिथं आयडीव्ही मागं-पुढं सरकवता येते आणि ती खाली ओढली की प्रीमियम पण खाली येतो, बघायला गोड वाटतं, पण चार लाखाची गाडी अडीच लाखाची लिहिलीत तर चोरी झाल्यावर अडीचच मिळणार. उलटं पण नको, उगं जास्त लिहून फायदा नाही. बाजारात आज त्या मॉडेलची गाडी जेवढ्याला जाते त्याच्या आसपास ठेवा. भावाच्या दोन्ही कोटमध्ये आम्ही तीन लाख साठ हजारच ठेवली होती.

ॲड-ऑनच्या ओळीत त्याला आठ गोष्टी लावल्या होत्या, चावी हरवल्याचं कव्हर, सामानाचं कव्हर, टायरचं, हॉटेलात मुक्कामाचं, काय काय. माझ्या मते नवीन चालवणाऱ्यानं झिरो डेप, म्हणजे पार्टच्या झिजेचे पैसे न कापणारं कव्हर, घ्यावं, पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील. कारण साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, बॅटरी, टायर असल्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, फायबरचे ३० टक्के कापतात, आणि नवीन हाताची गाडी धडकते ती बंपरवरच, म्हणजे प्लास्टिकवर. दुसरं घ्यावं इंजिन प्रोटेक्ट, विशेषतः नदीकाठची, पुलाखालून जायची वाट असलेली गावं असतील तर. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूरकडं जे पाणी झालं ते आठवत असेलच. पाण्यात बुडालेल्या गाडीचं बाकी नुकसान साधी पॉलिसी बघते पण इंजिनात पाणी शिरून ते जाम झालं तर इंजिन प्रोटेक्टशिवाय बहुतेक करून काही मिळत नाही. आणि हे घेतलं असलं तरी पाण्यात बंद पडलेली गाडी सेल्फ मारून चालू करायची नाही, ढकलत बाहेर काढायची, टो करून न्यायची. गाडी घेऊन समृद्धीवर किंवा लांबवर जाणं असेल तर रोडसाइड असिस्टन्स लावा, ते तसं स्वस्तच असतं. फक्त टायर फुटला आणि बाकी काही झालं नाही तर साधी पॉलिसी टायरचे पैसे देत नाही, म्हणून उन्हाळ्यात निघायच्या आधी टायर बघणं हाच इन्शुरन्स. बाकीचे ॲड-ऑन पहिल्या वर्षी मी तरी काढूनच टाकीन.

शेवटी भावाचा हिशोब असा बसला: ओडी ३३००, झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट मिळून १५००, टीपी २०९४, अपघात विमा ३३०, बेरीज ७२२४, जीएसटी धरून ८५२४. गाडी तीच, आयडीव्ही तीच, साडेपाच हजार कमी.

गाडी आठवड्यातून एकदाच निघत असेल तर अजून एक वाट आहे. २०२२ पासून जेवढी चालवाल तेवढं भरा अशा धर्तीची पॉलिसी निघालीय, वर्षाला किती किलोमीटर चालवणार ते आधी सांगायचं आणि तेवढ्याला ओडी कमी. पुण्याला राहून महिन्यातून एकदा गावी येणाऱ्यांना चांगली आहे, रोज संभाजीनगरात वाळूज-चिकलठाणा करणाऱ्यांना नाही. व्हॉलंटरी डिडक्टिबल म्हणून पण एक प्रकार असतो, क्लेममधली पहिली ठराविक रक्कम मी भरीन असं लिहून दिलं की ओडी उतरतो. कंपलसरी डिडक्टिबल १५०० सीसीपर्यंत १००० रुपये तसंही असतंच, त्याच्यावर हे. अडीच हजाराचा घ्यायला हरकत नाही, एवढ्या छोट्या नुकसानीचा क्लेम आपण करणारच नसतो. पंधरा हजाराचा नवीन हातानं घेऊ नये.

क्लेम कधी करायचा नाही

क्लेम न करता वर्ष काढलं की पुढच्या वर्षी ओडीवर नो क्लेम बोनस मिळतो, पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. एक क्लेम केला की परत शून्यावर. म्हणून आधी वही काढायची. समजा दारातल्या ओट्याला मागं घेताना बंपर गेला, पार्टचे दोन हजार आणि रंगाचे पंधराशे, साडेतीन हजार बिल. झिरो डेप नसेल तर प्लास्टिकचे निम्मे म्हणजे हजार कापले, रंगातले शंभर-दोनशे कापले, हजार कंपलसरी डिडक्टिबल, हातात येतात जेमतेम तेराशे. आणि ओडी सहा हजार असेल तर पुढच्या वर्षीचा २० टक्क्यांचा बोनस, म्हणजे बाराशे, गेला, शिवाय पुढच्या पायऱ्या एक वर्ष मागं. तेवढ्यासाठी गाडी दोन दिवस शोरूमला लावायची, नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरची वाट बघायची. असला क्लेम करूच नका. मोठं नुकसान असेल तेव्हा मात्र अजिबात मागं हटू नका, त्याच्यासाठीच पैसे भरलेत.

पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांच्या आत रिन्यू केली नाही तर साठवलेला बोनस जातो, आणि एक दिवस जरी खंड पडला तरी गाडीची तपासणी करून द्यावी लागते. म्हणून संपायच्या महिनाभर आधीच कोट काढायला लागा, घाईत माणूस महागच घेतो.

बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, आणि इथंच सेकंड हँड घेणारी पोरं फसतात. आधीच्या मालकाचा ५० टक्के बोनस गाडीबरोबर तुमच्याकडं येत नाही. कोट एकदमच स्वस्त दिसला तर कागदावर एनसीबीची, म्हणजे नो क्लेम बोनसची, ओळ शोधा. पहिलीच गाडी असताना तिथं ५० लिहिलेलं असेल तर एजंटनं खोटं टिक केलंय. पॉलिसी निघते, कुणी काही म्हणत नाही, आणि क्लेम टाकला की कंपनी जुन्या कंपनीला विचारते आणि क्लेम नाकारते. सही तुमची असते, एजंटची नाही.

सेकंड हँडमध्ये अजून एक. आरसीवर नाव चढवायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लोक भरतात, पॉलिसी मात्र तशीच जुन्या मालकाच्या नावावर पडून राहते. व्यवहार झाल्यापासून १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. टीपी गाडीबरोबर चालत राहतो पण ओडीचा क्लेम नाव नसेल तर मिळणं मुश्किल. गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडं चढलेलं पाहिजे. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत लग्नाचं, बाजाराचं भाडं मारू नका, खाजगी पॉलिसीत भाडं बसत नाही.

गाडी पार जुनी असेल, लाख-सव्वा लाखाची, तर नुसता टीपी आणि अपघात विमा घेऊन चालतं, असं माझं मत. पण मग चोरी आणि पूर आपल्या जिवावर, हे समजून घ्यायचं.

वडलांच्या नावावर घ्यावी का

हे सगळ्यात जास्त जण विचारायलेत. वडलांनी जुनी गाडी विकली असेल आणि त्यांचा ५० टक्के बोनस साठलेला असेल तर कंपनीकडून बोनसचं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं, आणि नवीन गाडी वडलांच्या नावावर घेतली तर ओडी सरळ निम्मा. चालवायची तुम्हीच, पॉलिसी लागू होते. हा कायदेशीर आणि चांगला मार्ग आहे.

पण एक भोक आहे ह्यात आणि ते बुजवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. मालक-चालक अपघात विमा, पंधरा लाखाचा, तो फक्त मालकाला असतो, तो स्वतः चालवत असताना किंवा गाडीत असताना, आणि त्याच्याकडं लायसन असेल तरच. गाडी वडलांची आणि स्टिअरिंगवर तुम्ही, चूक तुमची, लागलं तुम्हालाच, तर टीपीतून तुम्हाला काही नाही, टीपी समोरच्यासाठी असतो. म्हणून स्वतःच्या नावावर वेगळी अपघात पॉलिसी काढा, वार्षिक खर्च फार नसतो. बँकेतली वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तर चालू ठेवाच, तिच्यात दोन लाख मिळतात, पण तेवढ्यावर थांबू नका. गाडी स्वतःच्या नावावर असेल तर पंधरा लाखाचं कव्हर सक्तीचंच आहे, आधीची तेवढ्या रकमेची अपघात पॉलिसी असेल तर दाखवून हे वगळता येतं, दोनदा भरायची गरज नाही.

पैसे देताना

माझं स्वतःचं सांगतो. पहिल्या गाडीची पॉलिसी रविवारी रात्री संपत होती, शनिवारी ओळखीच्या एजंटला रोख पैसे दिले, त्यानं वहीत लिहून घेतलं, म्हणला झालं समज. मी पण समजलो. सोमवारी सकाळी अहमदपूरच्या वळणावर उसाच्या ट्रॉलीचा मागचा कोपरा माझ्या दारात घुसला. फोन केला तर पॉलिसी बुधवारपासूनची निघाली होती, कारण त्यानं पैसे कंपनीत भरलेच नव्हते. अकरा हजार घरातून गेले आणि दोष कुणाला द्यायचा. कंपनीला प्रीमियम पोचल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही, कायदाच तसा आहे. तेव्हापासून मी पैसे थेट कंपनीच्या नावानं, कंपनीच्या लिंकवरूनच देतो, एजंट असला तरी. एजंट वाईटच असतात असं नाही, क्लेमच्या वेळी धावून येणारा माणूस तालुक्याला असणं हे मोठं काम आहे, ऑनलाइनचे हजार वाचवून तो आधार घालवू नये असंही मला वाटतं. पण पैशाची वाट कंपनीकडंच जाऊ द्या.

अजून एक विचारायचं, आपल्या जवळ कॅशलेस गॅरेज, म्हणजे जिथलं बिल कंपनी परस्पर भरते ते, कुठं आहे. स्वस्त पॉलिसी घेतली आणि तिचं सगळ्यात जवळचं गॅरेज संभाजीनगरला असेल तर अहमदपूरवाल्यानं आधी खिशातून बिल भरायचं आणि मग कागद पाठवत बसायचं.

पॉलिसीची पीडीएफ आली की इंजिन नंबर, चॅसिस नंबर, नावाचं स्पेलिंग, सुरू होण्याची तारीख आणि वेळ, एनसीबी, आयडीव्ही, एवढं आरसी शेजारी ठेवून बघा. दोन-चार दिवसांनी एम परिवहनवर गाडी नंबर टाकून पॉलिसी दिसते का बघा, खोट्या पॉलिस्या पण विकल्या जातात. पुढं क्लेमवरून भांडण झालं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्यायचं, तिथं नाही झालं तर बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ नंबर, आणि त्याच्यापुढं विमा लोकपाल, मराठवाड्याचं काम पुण्याच्या ऑफिसकडं आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही.

भावाची पीडीएफ काल दुपारी आली. मी म्हणलं आरसी काढ आणि चॅसिस नंबर मोठ्यानं वाच, मी इकडं कागदावर बघतो. शेवटून तिसऱ्या जागी आठच्या ऐवजी तीन पडला होता. लगेच कंपनीला मेल केला, आरसीचा फोटो जोडला, आणि संध्याकाळी दुरुस्तीचा कागद आल्यावरच त्यानं गाडी दारातून बाहेर काढली.